ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेल)

सिकलसेल आजारात फुफ्फुसाला अचानक होणारी गंभीर इजा. ताप, खोकला, छातीत दुखणे किंवा धाप आणि त्यासोबत एक्स-रेवर नव्याने दिसणारी छाया, यांवरून निदान होते. ताठर पेशी फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, ऑक्सिजन घटतो आणि त्यामुळे आणखी पेशी विळ्यासारख्या वाकतात. जंतुसंसर्ग किंवा दुखण्याच्या झटक्यात अस्थिमज्जेतून सुटलेले चरबीचे कण हे बहुधा निमित्त ठरते. उपचाराचे यश वेळेवर अवलंबून आहे. अमेरिकेतील ३० केंद्रांनी अशा ६७१ प्रसंगांचा अभ्यास करून तो २००० साली प्रसिद्ध केला. त्यातील जवळपास निम्मे रुग्ण दुसऱ्याच कारणाने, मुख्यतः अंगदुखीने, दाखल झाले होते. फुफ्फुसाचा त्रास सरासरी अडीच दिवसांनी उघड झाला. म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होता येत नाही. श्वासाची गती आणि बोटावरचे ऑक्सिजनचे माप पुन्हा पुन्हा पाहणे हा उपचाराचाच भाग आहे.

हा न्यूमोनियाच, अँटिबायोटिक पुरे, असे कोणी म्हणेल. सेफॅलोस्पोरिन आणि मॅक्रोलाइड द्यावीच लागतात, पण अडकलेल्या पेशी त्यांनी सुटत नाहीत. ऑक्सिजन हवा. वेदना इतकी शमवायला हवी की रुग्ण खोल श्वास घेईल, मात्र मॉर्फिनने श्वास मंदावता कामा नये. सलाईन सढळ हाताने दिले तर फुफ्फुसात पाणी साचते. प्रकृती ढासळू लागली तर रक्त द्यावे. गंभीर रुग्णात रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांखाली आणतात. रक्तामुळे प्रतिपिंडे तयार होतात हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे आरएच आणि केल गट जुळवणे. रक्त देणे लांबवणे नव्हे.

भारतातील सिकलसेल सौम्य असतो, हा समज अधिक घातक. अरब-भारतीय प्रकारात गर्भीय हिमोग्लोबिन सरासरीने जास्त असते हे खरे, पण समोरच्या रुग्णाला सरासरी वाचवत नाही. दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामित, वसावा आणि नंदुरबार-धुळ्याकडील भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आढळतो. सुरतेत पर्वत पाटिया-लिंबायतच्या बाजूला खानदेशातून आलेली कामगार कुटुंबे राहतात आणि महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय जवळच, उमरवाड्यात आहे. तिथे अंतर ही मोठी अडचण नाही. आजार आधी ठाऊक असणे महत्त्वाचे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतील तपासणी आणि कार्ड यांचा खरा उपयोग तातडीच्या कक्षात आहे. सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखून धाप लागली तर दुखण्याची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि कार्ड सोबत घ्या.