आवाज येतोय का? हेडसेटमधल्या माइकचा इतिहास

रात्री साडेअकराच्या सुमारास स्क्वॉड जमतो आणि मॅच सुरू व्हायच्या आधी कोणीतरी विचारतंच, 'आवाज येतोय का?' सकाळी दहाच्या मीटिंगमध्येही पहिलं वाक्य हेच असतं. या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याकडे कधीच नसतं. हेडफोन कसा वाजतो हे आपल्या कानांना दोन मिनिटांत कळतं. माइक कसा आहे हे फक्त पलीकडच्याला कळतं. बास कमी वाटला तर आपण हेडफोन परत करतो. पण आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा जात असेल, तर वैतागतात ते बाकीचे. आणि तेही बहुतेक वेळा भिडेखातर काही बोलत नाहीत.

म्हणून हेडसेट बघताना आपण कानांसाठी खरेदी करतो. खोक्यावरही तेच मोठ्या अक्षरांत असतं: ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर, ७.१ सराउंड, रंगीत दिवे. माइकबद्दल कुठेतरी खाली एखादी ओळ. हे नेहमीच असं नव्हतं. कान आणि तोंड एकत्र बांधणारी ही वस्तू जन्मली ती दिवसभर बोलणं हेच ज्यांचं काम होतं त्यांच्यासाठी. आणि कित्येक दशकं तिचे पैसे मोजणाऱ्याला पलीकडे आवाज नीट पोचण्याची गरज होती. ती गोष्ट माहीत असली की आजचा हेडसेट निवडणं बरंच सोपं होतं.

हात मोकळे हवेत

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. दोनच वर्षांत, २८ जानेवारी १८७८ रोजी, अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाली.

एक्स्चेंजमध्ये मधे बसून तारा जोडणारा माणूस लागायचा. सुरुवातीला तारखात्यातल्यासारखी पोरं ठेवली गेली; ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलायची, असं लवकरच लक्षात आलं. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामावर रुजू झाली, आणि पुढे हे काम जवळपास स्त्रियांचंच झालं.

या कामाला दोन्ही हात लागायचे. एका हाताने प्लग ओढायचा, दुसऱ्याने दुसऱ्या भोकात घालायचा, मधेच चिठ्ठीवर नोंद करायची. मग टेलिफोन धरायचा कशाने? १८८० च्या दशकात एझरा गिलिलँड याने खांद्यावर चढवायचा एक साज बनवला, त्यात ऐकायचं आणि बोलायचं असं दोन्ही यंत्र होतं. तो इतका जड होता की दिवसभर ते ओझं वागवणाऱ्या बायकांची मान आणि खांदे यांचं काय होत असेल, याची कल्पना करावी. पुढे तो हलका होत गेला: कानावर पट्टीने बसवलेला एक रिसीव्हर आणि छातीवर टांगलेला कर्णा, ज्याचं तोंड ऑपरेटरच्या ओठांपर्यंत वर आलेलं असे. जुन्या फोटोंमध्ये रांगेने बसलेल्या ऑपरेटर आपण पाहतो, त्यांच्या छातीवर दिसतो तो हाच.

तो कर्णा शोभेचा नव्हता. त्यामागे कार्बन माइक होता. बर्लिनर, एडिसन आणि ह्यूज यांनी १८७७-७८ च्या आसपास यावर काम केलं, आणि हेन्री हनिंग्ज या इंग्लिश पाद्र्याने १८७८ मध्ये कार्बनचे सुटे कण वापरायची युक्ती काढली. आवाजाचा दाब आला की कण एकमेकांना जास्त चिकटतात, विजेला होणारा विरोध कमी होतो. दाब गेला की वाढतो. बस, एवढंच. पण यात बॅटरीतला विद्युतप्रवाह आवाजाच्या तालावर हलायचा, त्यामुळे हा माइक स्वतःच ॲम्प्लिफायरचंही काम करायचा. शंभरएक वर्षं जगभरचे फोन त्यावर चालले. त्याचा आवाज खरखरीत होता आणि तोंड जवळ नसेल तर काही खरं नव्हतं. म्हणून कंपनीने कर्णा ओठांपर्यंत आणला. ऑपरेटरचा शब्द ग्राहकाला कळला नाही तर तक्रार कंपनीकडे येणार होती.

स्वयंपाकघरातले हेडफोन

फक्त ऐकायच्या हेडफोनची वाट निराळी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नथॅनिएल बाल्डविनने आपल्या स्वयंपाकघरात हाताने बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवले. रेडिओवरचे क्षीण संदेश त्यात इतके स्पष्ट ऐकू आले की नौदलाने मागणी नोंदवली. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने स्टीरिओ संगीत ऐकायचे हेडफोन बाजारात आणले, आणि हेडफोन ही घरातल्या माणसाने स्वतःच्या आनंदासाठी घ्यायची वस्तू झाली. या वाटेवर माइक कुठेच नव्हता.

आजचा गेमिंग हेडसेट म्हणजे या दोन वाटांचा संकर. कान कॉसकडून आलेत, तोंड टेलिफोन ऑपरेटरकडून. खर्च मात्र बहुतेक वेळा कानांवर होतो.

बॉम्बर विमानातला 'स'

माइकवर सगळ्यात कसून विचार झाला तो दुसऱ्या महायुद्धात. चार इंजिनांच्या बॉम्बर विमानात इतका गोंगाट असायचा की शेजारी बसलेल्याशीही धड बोलता येत नसे. शिवाय उंचीवर हवा विरळ, त्यामुळे आवाज आधीच क्षीण. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यात घोळ झाला तर जीव जायचा. हार्वर्ड विद्यापीठात यासाठी दोन प्रयोगशाळा चालत होत्या. एक लिओ बेरानेकची, आवाजाच्या यंत्रणांवर काम करणारी, दुसरी एस. एस. स्टीव्हन्सची, माणूस काय आणि कसं ऐकतो याचा अभ्यास करणारी.

एक उपाय म्हणजे गळ्याला बांधायचा माइक. तो हवेतला आवाज घेतच नाही, स्वरयंत्राची थरथर घेतो, म्हणजे इंजिनाचा गोंगाट बाहेरच राहतो. पण 'स', 'फ', 'ट' हे गळ्यात तयार होत नाहीत. ते जीभ, दात आणि ओठ घडवतात. गळ्याच्या माइकमधून 'आ', 'ओ' येतात आणि व्यंजनं हरवतात. अर्थ तर व्यंजनांमध्येच जास्त असतो. तोंडावर उशी धरून बोलून बघा.

दुसरा उपाय जास्त हुशार होता. माइकच्या पडद्याच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या. दूरवरून आलेला इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंवर जवळपास सारखाच आदळतो आणि एकमेकांना खोडून काढतो. ओठांमधून आलेला आवाज मात्र जवळच्या बाजूवर जास्त जोराने पोचतो, म्हणून तो उरतो. अमेरिकी सैन्याचा टी-४५ हा वरच्या ओठावर बसणारा माइक याच तत्त्वावर होता. आज खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग माइक' असं लिहिलेलं असतं, तेव्हा अनेकदा हीच जुनी युक्ती असते. पण तिला एक अट आहे: माइक ओठांच्या अगदी जवळ हवा. तोच माइक कपाळावर सरकवला की युक्ती संपली.

स्टीव्हन्सच्या प्रयोगशाळेत जे. सी. आर. लिक्लायडर नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ होता. बोलण्याच्या लहरींची उंची वरून छाटत नेली तर किती समजतं, हे तो तपासत होता. छाटून छाटून लहरीचा फक्त वर-खाली एवढाच भाग उरला, ऐकायला ते अगदी कर्कश झालं, तरी शब्द बऱ्यापैकी कळत होते. हाच लिक्लायडर १९६२ मध्ये अमेरिकेच्या अर्पा या संस्थेत गेला आणि ज्या संगणक-जाळ्याच्या कल्पनेतून पुढे इंटरनेट उभं राहिलं, तिचा पुरस्कार त्याने केला. आज आपला आवाज ज्या वाटेने जातो त्या वाटेच्या मुळाशीही हाच, आवाजातलं किती टाकून दिलं तरी चालेल, हे मोजणारा माणूस आहे.

चंद्र आणि एक पातळ पडदा

१९६१ मध्ये कोर्टनी ग्रॅहम या वैमानिकाने एका सहकाऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली. वैमानिकांचे अवजड हेडसेट हलके करायचे, एवढाच उद्देश होता. नासाला अंतराळवीरांसाठी तेच हवं होतं. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगचे चंद्रावरचे शब्द या कंपनीच्या हेडसेटमधून पृथ्वीवर आले. त्या पहिल्या वाक्यात एक छोटंसं इंग्रजी अक्षर होतं की नव्हतं, यावर लोक अजून वाद घालतात. इतक्या खर्चाच्या मोहिमेतही एक उच्चार वाटेत हरवू शकतो.

दरम्यान, १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा मुरवून इलेक्ट्रेट माइक बनवला. चांगल्या कंडेन्सर माइकला लागणारा मोठा व्होल्टेज त्याला लागत नव्हता. तो छोटा होता, स्वस्त होता आणि कार्बनपेक्षा कितीतरी स्वच्छ होता. बहुतेक गेमिंग हेडसेटच्या दांडीवर आजही त्याचाच वंशज बसलेला असतो.

म्हणजे चांगल्या माइकचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या तेव्हाच बराचसा सुटला होता. उरला तो पैसे कोण मोजतो हा प्रश्न.

गेममध्ये आलेला आवाज

१९९९ च्या आसपास 'रॉजर विल्को' या सॉफ्टवेअरने पीसीवर खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलू दिलं. मग टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो आले. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या किटमध्ये माइकवाला हेडसेट दिला होता. हे नीट बघण्यासारखं आहे. इथे माइक देणाऱ्याला पलीकडे ऐकणाऱ्यांचीही पर्वा होती, कारण आवाज पोचला नाही तर सगळी सेवाच फसणार होती. टेलिफोन कंपनीचा हिशोब पुन्हा आला.

पुढे हेडसेट आपण स्वतःच्या पैशाने घेऊ लागलो आणि हिशोब उलटला. २०१२ मध्ये ओपस हे कोडेक प्रमाण म्हणून आलं. २०१५ मध्ये आलेलं डिस्कॉर्ड तेच वापरतं. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा, म्हणून आई-बाबा अजूनही फोनवर ''स' सशातला' असं सांगतात. ओपस माणसाच्या कानाला ऐकू येणारा जवळपास सगळा पट्टा पाठवू शकतं. वाट रुंद झाली, पण त्या वाटेवर आपण काय पाठवतो ते माइक ठरवतो.

आणि वायरलेसने तर आपल्याला मागे नेलं. नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की हेडसेट संगीताचा मोड सोडून फोनच्या मोडमध्ये जातो. जुन्या पद्धतीत तिथे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, नव्या पद्धतीत १६,०००. मॅचमध्ये माइक उघडल्याबरोबर पावलांचे आवाज अचानक डबड्यातून आल्यासारखे का होतात, त्याचं कारण हे. ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, म्हणजे आपण १८८२ च्या नातवंडांना पुन्हा भेटतो.

मग घ्यायचं काय?

इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: अंतर. माइक तोंडापासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि लॅपटॉपचा ५० वर, तर आवाजात साधारण २० डेसिबलचा फरक पडतो. डोक्यावरचा पंखा मात्र दोघांनाही सारखाच ऐकू येतो. त्यामुळे दांडीवर साधा माइक असलेला वायरचा हेडसेट टेबलावर दूर ठेवलेल्या महागड्या माइकला सहज हरवतो. दांडी ओठांच्या समोर नको, कोपऱ्याशी ठेवा. नाहीतर 'फ' आणि 'भ' ची हवा थेट आदळते. इअरफोनच्या वायरवरचा माइक शर्टाला घासू देऊ नका. वायरलेसच हवा असेल तर ब्लूटूथऐवजी स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला बघा.

बंद कपांच्या हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोय आहे का, हेही पाहा. टेलिफोनमध्ये ती पहिल्यापासून होती. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो, आणि भिंतीपलीकडचे शेजारी जागे होतात.

हे फक्त खेळापुरतं नाही. २०१८ मध्ये एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी शास्त्रज्ञांचं तेच बोलणं लोकांना चांगल्या आणि खराब ध्वनीत ऐकवलं. खराब ध्वनीत ऐकणाऱ्यांना संशोधनही कमी दर्जाचं वाटलं आणि शास्त्रज्ञही कमी हुशार वाटला. साताऱ्यात किंवा परभणीत घरातल्या एकाच खोलीत बसून, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना, पुण्यातल्या कंपनीला ऑनलाइन मुलाखत देणाऱ्या मुलीसाठी हा निष्कर्ष साधा नाही. तिची तयारी कितीही असली तरी ती आधी माइकमधून गाळली जाते. त्यात तिचा दोष काहीच नसतो, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही आपण काय करतोय याचा पत्ता नसतो.

म्हणून नवा हेडसेट आला की आधी गाणं लावू नका. त्यावर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा, पंखा चालू ठेवूनच, आणि ते स्वतः ऐका. नाही आवडलं तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. आणि स्क्वॉडमधल्या कोणाचा आवाज डबड्यातून येत असेल, तर त्याला तसं सांगून टाका. त्याला स्वतःला ते कळायचा दुसरा मार्गच नाही.