चावी फिरते, पण घड्याळ चालत नाही!

प्रतिनिधी

मनगटी घड्याळाला रोज सकाळी चावी देण्याची सवय क्वार्ट्झ घड्याळांनी आणि नंतर मोबाइलने जवळजवळ मोडीत काढली. तरीही वडिलांचे किंवा आजोबांचे एचएमटी ‘जनता’ कपाटातून काढून पुन्हा हातावर बांधणारे आजही भेटतात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे या घड्याळांचे सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मोडक्या घड्याळातूनच मिळवावे लागतात. अशा वेळी चुकीच्या हाताळणीने एखादा भाग गमावणे महागात पडते.

जुने घड्याळ बंद पडले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘कोणीतरी जास्त चावी दिली असणार!’ हा समज जितका जुना, तितकाच चुकीचा आहे. हाताने चावी देण्याच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण आवळली की चावी आपोआप अडते. तिथे थांबले की झाले. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग ही घड्याळाची नेहमीची अवस्था आहे, बिघाड नव्हे. चावी भरलेली असूनही घड्याळ चालत नसेल, तर कारण बहुधा सुकलेले तेल आणि साचलेली धूळ हे असते. असे घड्याळ हलकेच हलवल्यावर काही क्षण चालते आणि पुन्हा थांबते. त्याला स्वच्छता आणि नवे तेल हवे असते. चावी देणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

तीनच्या आकड्याजवळच्या खाचांच्या बटणाला आपण चावी म्हणतो, दुकानदार क्राऊन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातल्या घड्याळांना खरोखरच वेगळी किल्ली लागे. आद्रियाँ फिलीप या फ्रेंच कारागिराने किल्लीविना चालणारी आपली रचना १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. किल्ली गेली, पण ‘चावी देणे’ हा शब्दप्रयोग मराठीत टिकला.

चावी एका बारीक पोलादी दांडीवर आट्यांनी बसवलेली असते. दांडीवरचे छोटे दातेरी पिनियन वरच्या चाकाला फिरवते, ते चाक रॅचेट चाकाला आणि रॅचेट चाक बॅरलमधील स्प्रिंगला आवळते. आवळलेली स्प्रिंग उलटी सुटू नये म्हणून रॅचेटच्या दातांत एक छोटा खटका अडकलेला असतो. त्याला ‘क्लिक’ म्हणतात आणि चावी देताना येणारी टिकटिक त्याचीच. चावी उलट फिरवल्यावर येणारी मऊ खरखर पिनियनचे दात एकमेकांवरून घसरल्याची असते. तिच्याने घाबरण्याचे कारण नाही.

एवढे ध्यानात घेतले की बिघाडाचा अंदाज बोटांनाच येतो. चावी कितीही फिरवली तरी हलकीच लागते, कधी अडत नाही आणि घड्याळही चालत नाही, तर स्प्रिंग तुटली असण्याची शक्यता मोठी. जुन्या पोलादी स्प्रिंगा वयाने तुटतात. चावी देऊन बोटे सोडताच बटण उलट गरगर फिरले, तर क्लिक किंवा तिची बारीक स्प्रिंग गेली आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चावी देऊ नये. सुलट फिरवताना दात घसरल्याचा कर्कश आवाज येत असेल, तर पिनियनचे दात झिजले असावेत किंवा वरच्या चाकाचा स्क्रू ढिला झाला असावा. हा स्क्रू बहुतेक घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो. घरी ‘फक्त एक स्क्रू आवळायचा’ म्हणून बसलेले हौशी लोक तो नेमका याच कारणाने मोडतात.

ऑटोमॅटिक घड्याळाची गोष्ट वेगळी. त्यातील स्प्रिंग पूर्ण आवळल्यावर बॅरलच्या भिंतीवर मुद्दाम घसरते, म्हणून चावी कधीच अडत नाही. सेइको फाइव्हमधील ७एस२६ यंत्रणेला तर हाताने चावी देण्याची सोयच नाही. ते घड्याळ हातावर राहिले की भरते. अशी ठणठणीत घड्याळेही ‘चावी लागत नाही’ म्हणून दुरुस्तीला येऊ शकतात.

चावी हातात निघून आली, तर आधी ती नीट पाहावी. नुसते बटण आले असेल तर आटे झिजले आहेत. दांडी अखंड आली असेल तर तिला धरून ठेवणारा आतला सेटिंग लिव्हर सुटला आहे. दांडी अर्धवट आली असेल तर ती बहुधा खाचेपाशी तुटली आहे आणि उरलेला तुकडा आतच आहे. तिन्ही बाबतींत जे हातात आले ते कागदाच्या पुडीत जपून ठेवावे आणि घड्याळासोबत न्यावे. फेव्हिक्विकचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्याचा एक थेंब नळीतून आत उतरला, तर किरकोळ काम मोठे होऊन बसते.

खरी घाई करायची ती पावसाळ्यात. चावीभोवतीची फट हा पाण्याचा आणि घामाचा आत शिरण्याचा हमरस्ता आहे. काचेच्या आतून धुके दिसले, तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहू नये, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. दांडीवर तांबूस भुकटी दिसू लागली की गंज आत पोहोचलेला असतो, आणि गंजलेल्या दातांना दुरुस्ती नसते.

चावी देताना घड्याळ हातातून काढावे. मनगटावरच चावी दिली की दांडीवर तिरपा जोर येतो. तारीख दाखवणारे घड्याळ असेल, तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बटणाने तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात.

घड्याळजीकडे काही ठिकाणी ‘पूर्ण मशीनच बदलून देतो’ असे सुचवले जाते. काम लवकर होते, पण मग डबी आजोबांची आणि आतले यंत्र दुसऱ्याच कोणाचे अशी स्थिती होते. काढलेला जुना भाग परत मागण्यात संकोच करू नये. नवी दांडी मापाने कापावी लागते. ती किंचित लांब राहिली तर बटण डबीपासून बाहेर राहते, आखूड झाली तर काटे जुळवताना नीट ओढले जात नाही. म्हणून दुकानातच बटण ओढून काटे फिरवून पाहावेत, पुन्हा दाबून चावी देऊन पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.