हरसूलचा पाऊस आणि दुष्काळाचे राजकारण

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात पावसाळा मुसळधार असतो, तरी डोंगरउतारावरून पाणी वाहून गेल्याने उन्हाळ्यात टंचाई जाणवते. मात्र पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा रुपयाच्या प्रमाणातील अंदाज, ५० पैशांखाली गेल्यावरच टंचाई मानणाऱ्या जुन्या सरकारी हिशेबात ही तहान बसत नसे. १९७२ च्या दुष्काळात काँग्रेस सरकारने राज्यभर कामे काढली आणि डाव्या पक्षांनी मजुरांचे मोर्चे नेले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच रेट्यात विस्तारली. तिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि मदतीचे, निदान कागदावर, हक्कात रूपांतर झाले. काम कोणत्या गावात काढायचे, हा प्रश्न मात्र राजकीयच राहिला.