मोटारीचे वय

दिल्लीत चाणक्यपुरी भागात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९७७ साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथे इंजिने पाहावयास येणाऱ्या मुलांची पावले पुष्कळदा एका लाल वाहनापाशी थबकतात, आणि गंमत अशी की ते वाहन रुळांवर चालणारे नव्हेच. तो आगीचा बंब आहे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील जॉन मॉरिस आणि सन्स या कारखान्याने तो १९१४ साली बांधला व निजामाच्या रेल्वेने तो विकत घेतला. आज तो भारतीय रेल्वेच्या, म्हणजे पर्यायाने तुमच्या-आमच्या मालकीचा आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींचा जो मेळावा भरवावयास प्रारंभ केला, त्यात राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या गाड्यांच्या रांगेत हा सरकारी नोकरही आपली घंटा वाजवीत अनेकदा सामील झालेला आहे. सरकारी कचेरीने एखादी वस्तू शंभर वर्षे जपावी, एवढेच नव्हे तर ती चालती ठेवावी, ही गोष्ट मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे मला अंमळ अधिकच कौतुकाची वाटते. आमच्याकडे वस्तू निरुपयोगी ठरली की तिची निर्लेखनाची टिप्पणी तयार व्हावयास वेळ लागत नाही.

अशा मेळाव्यांना जाऊ लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती की हा श्रीमंतांचा षोक आहे. ती अगदीच खोटी नव्हती. हिंदुस्थानातील जुन्या मोटारींचा इतिहास संस्थानिकांच्या मोटारखान्यांतून सुरू होतो आणि त्याचे एक पहिले प्रकरण महाराष्ट्राच्या घाटांत घडलेले आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींच्या टिकाऊपणाची एक चाचणी घेण्यात आली. रोल्स-रॉइस कंपनीची चाळीस-पन्नास अश्वशक्तीची सहा नळकांड्यांची गाडी, जी पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने जगप्रसिद्ध झाली, तिचा एक नमुना ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, असे नाव देऊन मुद्दाम या चाचणीत उतरविण्यात आला. ६२० मैलांचा पल्ला आणि वाटेत सहा उंच घाट. त्या काळचे रस्ते म्हणजे खडी, धूळ आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. गाडीने तो पल्ला निर्वेधपणे पुरा केला, चाचणी जिंकली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. मराठी मुलखाच्या घाटांत कस लागलेली गाडी मराठी संस्थानिकाच्या पागेशेजारी जाऊन उभी राहिली. पुढे तीनच वर्षांनी, १९११ च्या दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थान सरकारने याच जातीच्या आठ गाड्या मागविल्या. ज्या दरबारात दिल्ली राजधानी झाल्याची घोषणा झाली, त्या दरबाराचा थाट हत्तींवरून मोटारींवर उतरू लागला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. संस्थाने विलीन झाली. १९७१ साली तनखेही गेले. ज्या मोटारखान्यांत दहा-वीस गाड्या पोसल्या जात, तेथे एकही पोसणे जड झाले. अनेक उत्तम गाड्या परदेशी ग्राहकांनी नेल्या. काही भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्या कोणा ना कोणा हौशी माणसाच्या हट्टामुळे उरल्या. राजांच्या गाड्यांना निदान असा हट्ट करणारे भेटले. माझे कुतूहल ज्या गाड्यांना तसे कोणी भेटत नाही, त्यांच्याकडे वळले. त्याला कारणही तसेच झाले.

दिल्लीतील हौशी मंडळींत माझे एक पंजाबी स्नेही आहेत, निवृत्त अभियंते. काही वर्षांपूर्वी ते एका संध्याकाळी एक चामडी बांधणीची वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी कराडच्या एका डॉक्टरांच्या वारसांकडून १९५६ सालची फियाट ११०० विकत घेतली होती. आसनाखालच्या हत्यारांच्या पेटीत ही वही सापडली. अर्धी देवनागरीत, अर्धी मोडीत. “तुम्ही मराठी आणि वर इतिहासाचे एम. ए.,” ते म्हणाले, “तेव्हा हे वाचणे तुमच्याकडे लागले.”

मी गाडी पाहिली आणि हसू आले. “ही तर डुक्कर फियाट!” त्यांना ते नाव ठाऊक नव्हते. बुटकी, गोलसर, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी ही गाडी पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेली ही कंपनी. १९५३ च्या सुमारास सरकारने असे धोरण ठरविले की ज्यांना हिंदुस्थानात खरोखर गाड्या बनवावयाच्या आहेत त्यांनीच येथे राहावे. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी राहू नये. १९२८ पासून शिवडीस गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डनेही गाशा गुंडाळला. त्यानंतर मध्यमवर्गीयाला गाडी घ्यावयाची म्हणजे दोन-तीन जातींतूनच निवड करावी लागे, आणि एकदा घेतलेली गाडी पंचवीस-तीस वर्षे चालवावी लागे. आपल्याकडच्या मिस्त्री लोकांचे कसब या टंचाईच्या शाळेत तयार झालेले आहे.

ते कसब दिल्लीत काश्मीरी गेटच्या बाजारात अद्याप पाहावयास मिळते. फियाटच्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाचा वंश पुढे पद्मिनीपर्यंत चालू राहिला. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बुश अशा गोष्टी थोड्या खटपटीने मिळाल्या. कठीण होते ते पत्र्याचे काम. दारांच्या खालच्या कडा गंजून चाळणीसारख्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी कागदावर माप काढले, नवा पत्रा कापला आणि लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने ठोकून त्याला बाक दिला. दिवसभर चालणारी ती टकटक मी दोन रविवार ऐकली. यंत्राने एका क्षणात दाबून काढलेला बाक हाताने पुन्हा काढावयास किती विचार लागतो, हे तेव्हा कळले.

इकडे मी वही वाचीत होतो. तीत भावनेचा शब्द नाही. तारीख, मैल, पेट्रोल किती गॅलन, गावाचे नाव. क्वचित ‘इंजिन तापले’ किंवा ‘पंक्चर’ एवढीच नोंद. पाटण, उंब्रज, मसूर, ढेबेवाडी ही गावे पुनःपुन्हा येतात. डॉक्टर रात्री-अपरात्री रोगी पाहावयास जात असावेत, कारण काही नोंदींपुढे त्यांनी पहाटेची वेळ घातली आहे. आणि मग ११ डिसेंबर १९६७ हे पान येते. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झाले आणि सुमारे १८० माणसे दगावली. डॉक्टरांनी मोडीत नोंद केली आहे ती अशी, की औषधे व पट्ट्या घेऊन सकाळी निघालो, पाटणच्या पुढे ढासळलेल्या दगडी बांधाला डावे मडगार्ड घासले. पुढचे पंधरा-वीस दिवस केवळ पेट्रोल आणि मैल. गावांची नावे घालावयासही त्यांना सवड झालेली दिसत नाही.

मी धावतच दूरध्वनीकडे गेलो. डाव्या मडगार्डवर एक लांबट पोचा होता आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी तो सरळ करणार होते.

त्यावरून आमच्या मंडळींत जो वाद झाला तो मी विसरणार नाही. एक पक्ष म्हणे, गाडी कारखान्यातून निघाली तशी करणे म्हणजे जीर्णोद्धार. पोचा हा दोष आहे आणि परीक्षक त्याचे गुण कापणार. दुसरा पक्ष म्हणे, कारखान्यातून अशा हजारो गाड्या निघाल्या, कोयनेला ही एकच गेली. मी दुसऱ्या पक्षात होतो, हे सांगावयास नकोच. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइल पेंट फासलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. तोच उत्साह मोटारींनाही सोडीत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या तुरीनच्या सनदेतही हाच आशय आहे की वाहनाच्या आयुष्याच्या खुणा हा त्याच्या इतिहासाचाच भाग होय आणि दुरुस्ती जरुरीपुरतीच करावी. माझ्या स्नेह्यांनी दोन दिवस विचार केला. गंज काढला, आतून पत्र्याला आधार दिला, रंग दिला, आणि पोचा तसाच ठेवला. पुढे एका मेळाव्यात त्याचे गुण कापले गेलेच.

येथवर सर्व ठीक. ती फियाट १९५६ ची, म्हणून तिला कायद्याने आता मान आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरती रस्त्यावर येऊ शकते. नियम शहाणपणाचे आहेत.

परंतु दिल्लीत दुसराही एक आकडा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली पंधरा वर्षांवरील वाहनांना आणि २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना राजधानीत मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये असा हुकूम अमलात आला आणि लोकांच्या ओरडीमुळे काही दिवसांतच लांबणीवर पडला. न्यायालयात या प्रश्नाचा खल त्यानंतरही चालू राहिला. या निर्बंधामागच्या हेतूची टवाळी मी करणार नाही. दिल्लीच्या नोव्हेंबरातील हवा ज्याने छातीत घेतली आहे, तो ती करणार नाही. माझी शंका हिशेबाची आहे. पेट्रोलची गाडी पंधराव्या वर्षी गुन्हेगार ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधली पस्तीस वर्षे तिने कोठे राहावयाचे? जागतिक महासंघ तीस वर्षांच्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. आपण तिसाव्या वर्षी नुसती नोंद केली, गाडी वर्षातून मोजके दिवस बाहेर काढण्याची मुभा दिली, तर हवेवर त्याचा भार तो किती पडणार? राजाच्या गाडीला ही पस्तीस वर्षे काढावयास मोटारखाना होता. डॉक्टरांच्या फियाटला कराडात पत्र्याची पडवी होती. दिल्लीच्या तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूपाशी दोन्ही नाहीत.

आमच्याच शहरातील एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी गुडगावच्या कारखान्यातील पहिल्या मारुतीची किल्ली इंडियन एअरलाइन्समधील हरपाल सिंग यांच्या हाती दिली. डीआयए ६४७९ हा तिचा क्रमांक. या गृहस्थांनी ती गाडी २०१० साली आपल्या मृत्यूपर्यंत विकली नाही. त्यानंतर ती दिल्लीतील घराबाहेर उन्हापावसात गंजत उभी राहिली. तिची छायाचित्रे लोकांसमोर आल्यावर पुष्कळांना हळहळ वाटली; अखेर कंपनीने ती पूर्ववत केली आणि आपल्या मुख्य कार्यालयात मांडली. हिंदुस्थानातील मध्यमवर्गाला मोटारीत बसविणाऱ्या गाडीचा हा पहिला नमुना केवळ पहिला होता म्हणून वाचला. त्याच्या मागोमाग निघालेल्या गाड्यांपैकी किती शिल्लक आहेत? पन्नाशीची अट पुरी व्हावयास त्या पहिलीलासुद्धा २०३३ साल उजाडावे लागेल.

माझ्या स्नेह्यांच्या मुलापाशी १९८६ सालची मारुती आहे. त्याच्या आजोबांनी घेतलेली. दिल्लीत ती ठेवणे अशक्य झाल्यावर बाप-लेकांनी ना-हरकत दाखला काढून ती पतियाळास नातेवाइकांच्या वाड्यात नेऊन ठेवली. दर दिवाळीस दोघे तेथे जातात, बॅटरी जोडतात, अर्धा तास इंजिन चालवतात आणि पुन्हा ताडपत्री घालून परत येतात. गेल्या खेपेस मुलाने एक कोरी वही बरोबर नेली होती. तीत तारीख, मैलमापकाचा आकडा आणि पेट्रोल किती घातले ते लिहून त्याने ती आसनाखाली ठेवली आहे.