कोशाची चावडी

अमरावतीच्या पूर्वेस, वर्धा नदीच्या तीरावर, कौंडण्यपूर नांवाचें एक लहान गांव आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, रुक्मिणीचें माहेर तें हेंच, अशी वऱ्हाडांतील लोकांची दृढ श्रद्धा आहे. आषाढी एकादशीसाठीं येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते आणि तिची परंपरा चार शतकांहून जुनी असल्याचें सांगतात. आतां एखाद्या ज्ञानकोशांत या गांवावर दहा ओळी लिहावयाच्या झाल्या, तर त्या कोणीं लिहाव्या आणि कशा लिहाव्या?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. रुक्मिणीचें हरण अंबिकेच्या देवळापासून झालें, येथवर सर्वांचें एकमत आहे. परंतु तें देऊळ कौंडण्यपूरचें कीं अमरावतीच्या अंबादेवीचें, याविषयीं दोन्ही ठिकाणीं अभिमान आहे. आणि दोहोंचा मेळ बसावा म्हणूनच कीं काय, दोन्ही गांवांना जोडणारें भुयार असल्याची कथाही रूढ झाली आहे. तिकडे दूर अरुणाचल प्रदेशांत, रोइंगजवळच्या भीष्मकनगराच्या अवशेषांशीं निगडित असलेली इदु मिश्मी लोकांची कथा रुक्मिणी आपल्याच कुळांतली म्हणून सांगते. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६२ ते १९६४ या काळांत कौंडण्यपूर येथें उत्खनन केलें व त्याचा अहवाल १९६८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावरून येथील वस्तीची प्राचीनता निर्विवाद ठरली. परंतु फावड्याला वस्ती सांपडते, खापरें सांपडतात, राजकन्या सांपडत नाहीं. भाविक, पुराणिक, संशोधक आणि गांवकरी या चौघांच्याही हातीं विषयाचा एकेक तुकडा आहे. ज्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलेंही नाहीं अशा माणसांनीं ते तुकडे जोडून एकच नोंद लिहावयाची म्हटली, तर ती विद्या त्यांना शिकावी लागते. तिचा इतिहास वऱ्हाडापुरता पाहिला तरी बराच जुना आहे.

याच अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत, रिद्धपूर आहे. श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी येथें श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत जमले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनीं शके १२०० च्या, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास एकत्र केल्या. तोच लीळाचरित्र हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ होय. म्हाइंभट हे मूळचे मोठे विद्याभिमानी पंडित. वाद करावयास आले आणि शिष्य होऊन राहिले, असें महानुभाव परंपरा सांगते. शास्त्रार्थांत जिंकण्याची संवय असलेल्या या गृहस्थास रिद्धपुरास निराळीच विद्या आत्मसात करावी लागली. आपण गप्प राहावयाचें आणि दुसऱ्यास बोलूं द्यावयाचें, ही ती विद्या! ज्यास जी लीळा ठाऊक त्यास ती विचारावयाची, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. पुढें मूळ पोथी धाडींत नाहींशी झाली. तेव्हां ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हां लिहविण्यांत आली आणि हिराइसेचा पाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ निर्माण झाले. एकाचें स्मरण दुसऱ्याशीं जुळलें नाहीं, तेथें एकास खोटें पाडण्याऐवजीं तो भेद ‘वासना’ म्हणून टिपून ठेवण्याची रीत पडली. सातशे वर्षांपूर्वींची ही सावधगिरी आजच्या पुष्कळशा छापील ग्रंथांतही आढळत नाहीं.

अर्वाचीन काळीं हें कार्य डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं हातीं घेतलें. त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजीं रायपूर येथें झाला, परंतु शालेय शिक्षण अमरावतीस झालें. १९०६ मध्यें ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनीं मिळविली, आणि १९१२ मध्यें स्वदेशीं परतल्यावर कांहीं काळ कलकत्ता विद्यापीठांत अध्यापन केलें. एवढी विद्या संपादन केलेल्या मनुष्यानें स्वस्थपणें प्राध्यापकी करीत राहावयाचें, तर यांनीं नागपुरास मर्यादित भांडवलाची मंडळी काढून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट घातला! विद्येसाठीं भागभांडवल गोळा करावयाचें ही कल्पनाच तेव्हां विलक्षण होती. कोश तयार होण्यापूर्वींच त्याचे ग्राहक मिळवावयाचे आणि त्यांच्या पैशावर कोश तयार करावयाचा, असा हा व्यवहार होता. पुढें कार्यालय पुण्यास गेलें. पहिले पांच खंड प्रस्तावनेचे निघाले. अक्षरवार नोंदींचा आरंभ सहाव्या खंडापासून झाला, म्हणजे ‘अ’ शोधणाऱ्या वर्गणीदारास पांच खंडांचा धीर धरावा लागला. एकंदर तेवीस खंडांचें हें काम १९२० नंतरच्या दशकांत पुरें झालें. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नांवानें केतकरांनीं त्याची हकीकतही लिहून ठेविली आहे.

या कामांतील खरी अडचण पैशाची होती तशीच माणसांचीही होती. सर्व विषयांना कवेंत घेणारा असा कोश मराठींत पूर्वीं झालाच नव्हता, तेव्हां तो लिहिण्याचा सराव असलेला लेखक मिळावा कोठून? जे आले ते नवखेच होते. परकीय भाषांतील विस्तृत मजकुराचा संक्षेप कसा करावा, पारिभाषिक शब्द कोठून आणावा, आणि स्वतःचें मत कोठें गिळावें, हें सर्व त्यांना काम करतां करतांच शिकणें भाग होतें. शेवटचा धडा स्वतः संपादकांनाही पूर्णपणें साधला नाहीं. प्रस्तावनाखंडांच्या पानोपानीं केतकरांची मतें ठसठशीत उमटलीं आहेत. तथापि या कार्यालयाची मोठी कमाई म्हणजे तेथें तयार झालेलीं माणसें. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे येथेंच मुरले, आणि १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड त्यांनीं महाराष्ट्राच्या हातीं दिले. स्वतः केतकर मात्र १० एप्रिल १९३७ रोजीं, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं दिवंगत झाले.

त्यांच्या जन्माच्या सुमारासच, १८८४ च्या आरंभीं, इंग्रजीच्या महान् ऑक्सफर्ड शब्दकोशाचा पहिला भाग निघाला होता, हा एक मौजेचा योग. त्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीं १८७९ मध्यें सर्वसाधारण वाचकांनाच हांक घातली होती, आणि घरोघरच्या वाचकांनीं शब्दांचीं अवतरणें चिठ्ठ्यांवर उतरून पाठविलीं. लक्षावधि चिठ्ठ्या आल्या. परंतु कोणती ठेवावी आणि कोणती टाकावी, हें ठरविणारी लेखणी संपादकाचीच राहिली. केतकरांच्या कार्यालयांतही असेंच होतें. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोश तयार होऊं लागला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला. त्यांतही तज्ज्ञानें लिहावें, संपादकानें तपासावें आणि वाचकानें वाचावें, हीच व्यवस्था होती.

ती व्यवस्था मोडली ती जवळजवळ योगायोगानें. अमेरिकेंत २००० सालीं जिमी वेल्स यांनीं न्यूपीडिया नांवाचा कोश संगणकाच्या महाजालावर सुरू केला. लॅरी सँगर हे त्याचे संपादक होते. लेखक तज्ज्ञ असावा आणि लेख सात चाळण्यांतून जावा, असा तेथें दंडक होता. चाळण्या उत्तम होत्या, पण त्यांतून खालीं पडेना कांहीं. हें काम बंद झालें तेव्हां मान्य झालेले लेख पंचवीसच्या घरांत होते. कच्चा माल तरी मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजीं शेजारींच एक मोकळें अंगण उघडण्यांत आलें. तेथें वाटेल त्यानें लिहावें आणि वाटेल त्यानें तें दुरुस्त करावें, अशी मुभा होती. वर्षअखेरीस त्या अंगणांत सुमारें वीस हजार लेख झाले. तोच विकिपीडिया.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्र दिनीं, सुरू झाला. त्या काळीं संगणकावर मराठी लिहिणें हेंच एक दिव्य होतें. एका टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडावा तों चमत्कारिक चिन्हांची रांग दिसावी! युनिकोडची पद्धति रुळली आणि रोमन कळा दाबून देवनागरी उमटविण्याची सोय झाली, तेव्हां कोठें वाट मोकळी झाली. पण या मंडळींचें खरें कौतुक त्यांनीं योजिलेल्या शब्दांसाठीं केलें पाहिजे. सर्वांनीं मिळून बोलावयाच्या जागेस त्यांनीं ‘चावडी’ म्हटलें. नवख्यानें हात बसविण्यासाठीं गिरवावयाच्या पानास ‘धूळपाटी’ म्हटलें. मत मागणें तो ‘कौल’. आणि सांगितलेलें काम निमूटपणें करणाऱ्या यांत्रिक सेवकास ‘सांगकाम्या’! पंतोजींच्या शाळेंतील धुळाक्षरें आणि गांवची चावडी या परदेशी यंत्रांत इतक्या सहजपणें जाऊन बसलीं कीं, तीं मूळचीं तेथलींच वाटावीं.

आतां समजा, तिवसा तालुक्यांतील एखाद्या विद्यार्थ्यानें कौंडण्यपूरचें पान उघडलें आणि ‘येथें रुक्मिणीचा जन्म झाला’ असें वाक्य लिहिलें. घटकाभरानें पाहतो तों त्याच्या वाक्याच्या शेवटीं ‘अशी श्रद्धा आहे’ ही शेपटी जोडलेली! तो ती काढून टाकतो. पलीकडचा पुन्हां जोडतो. पलीकडचा मनुष्य पुण्याचा असेल, परदेशांतला असेल, किंवा शेजारच्या आर्वीचाही असेल; नांवावरून कळावयास मार्ग नाहीं. एका दिवसांत तीनांहून अधिक वेळां असें उलटसुलट करूं नये, असा इंग्रजी विकिपीडियावर नियम आहे. सर्वत्रच अशा प्रसंगीं लेखाच्या चर्चापानावर जाऊन बोलावें अशी अपेक्षा असते. घरीं आजीनें सांगितलेली गोष्ट येथें लिहून चालत नाहीं. ती कोणत्या मुद्रित ग्रंथांत आहे तें दाखवावें लागतें. बरें, ग्रंथांतील मजकूर सुंदर अक्षरांत उतरून काढला तर शाळेंत शाबासकी मिळते; येथें तो दुसऱ्याच्या हक्काचा भंग ठरतो, कारण आपल्या कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत तो हक्क राहतो. म्हणजे वाचावें दुसऱ्याचें, आणि लिहावें आपल्या शब्दांत, पण मत आपलें नसावें!

यांपैकीं आधाराचा नियम वऱ्हाडासारख्या प्रांतास जड जातो, हें मान्य केलें पाहिजे. लायल साहेबांचें १८७० चें गॅझेटियर आहे, यादव माधव काळे यांचा १९२४ चा वऱ्हाडचा इतिहास आहे. परंतु पालखीबरोबर चालणाऱ्यांना जें ठाऊक आहे त्यांतील फारच थोडें कोणीं छापिलें आहे. म्हाइंभटांनीं ज्यांना विचारलें त्यांच्याजवळ तरी कोठें छापील पुरावा होता? विकिपीडियाजवळ याचें समाधानकारक उत्तर नाहीं. आधीं कोणीतरी तें विचारून, लिहून, प्रसिद्ध करावें, एवढेंच तो सांगूं शकतो.

भाषेचीही अशीच कुचंबणा होते. ‘यात्रेला लोक येऊन राहिले’ असें वऱ्हाडी मनुष्य सहज लिहून जाईल. दुसरा तें ‘येत आहेत’ असें करील. कोशाची भाषा प्रमाण असावी हें खरें. पण ही दुरुस्ती करतांना ‘अशुद्ध’ असा शेरा मारणें आणि न मारणें यांत फार अंतर आहे. शेरा वाचून गेलेला नवखा बहुधा परत येत नाहीं. ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमारास कळसास पोंचली आणि नंतर उतरूं लागली. अभ्यासकांनीं कारणें शोधलीं तेव्हां असें आढळलें कीं, खोडसाळपणाच्या बंदोबस्तासाठीं उभारलेले नियम आणि यंत्रें सद्भावनेनें आलेल्या नवख्यांनाही पहिल्याच पावलास परतवून लावीत होतीं. नवागतांना चावूं नये, अशी सूचना तेथें पूर्वींपासूनच होती. पण ज्यानें ती वाचावयाची तो चावण्याच्या घाईंत असे. २०१२ मध्यें नवख्यांनीं निःसंकोच प्रश्न विचारावेत म्हणून ‘टीहाउस’ नांवाची निराळी बैठक उघडावी लागली. जेथें लिहिणारे हजारोंनीं आहेत तेथें ही गत. मराठीसारख्या ठिकाणीं, जेथें नित्य राबणारे हात मोजकेच आहेत, तेथें एकेक नवखा टिकणें हें कोशाच्या जिवाशीं निगडित आहे.

छापील कोशांतून गाळलेला मजकूर रद्दींत जातो. येथें तसें होत नाहीं. पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ अशी पाटी असते. ती उघडली कीं त्या विद्यार्थ्याचें पहिलें वाक्य, त्यास जोडलेली शेपटी, त्यानें ती रागानें कशी तोडली, हें सर्व तारीख-वेळेसह जसेंच्या तसें दिसतें. समजा, वर्षभरानें तोच विद्यार्थी त्याच पानावर येतो आणि पाहतो तों कोणा अनोळखी हातानें एक नवी ओळ घातली आहे: रुक्मिणी ही इदु मिश्मींची कन्या असून तिचें माहेर अरुणाचलांतील भीष्मकनगर होय. आधार दिलेला नाहीं. ओळ पुसून टाकणें एका कळीचें काम आहे आणि ती कळ त्याच्या बोटाखालींच आहे. तो ‘असें मिश्मी लोककथा सांगते’ एवढी दुरुस्ती करतो, ओळीपुढें आधार मागणारी खूण ठेवतो, आणि लिहिणाराच्या पानावर जाऊन प्रथम त्याचें स्वागत करतो.