बाटल्यांच्या बंबाचं कूळ

मे महिन्यात राजुऱ्यात सौर बंब कुणाला हवाय? दुपारी नळाचंच पाणी चटका देतं. गरज पडते पौषात. तेव्हाही ऊन लख्ख असतं, गच्चीवरची काळी टाकी चार वाजेपर्यंत कोमट होते आणि पहाटे त्याच पाण्याने दात वाजतात. जवळच सास्तीची कोळसा खाण. सिगडी पेटवणं सोपं, धूर खाणं त्याहून सोपं.

मला विचाराल तर सौर बंबाचा मूळपुरुष काळा रंग नव्हे, काच. 1767 पासूनच्या प्रयोगांत जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने लाकडी पेटीत काळं केलेलं बूच लावलं, वर तीन काचा बसवल्या आणि आत 109 अंश सेल्सिअस गाठलं. पुढे अशीच पेटी त्याने आल्प्सच्या शिखरावर नेली. बाहेर गारठा, आत जवळपास सपाटीवरचीच धग! ऊन आत शिरतं, ऊब सहजी बाहेर पडत नाही. आपल्या जानेवारीचं उत्तर तिथेच मिळालं होतं.

कुळाची एक शाखा मुंबईत निघाली. हायकोर्टातला डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स याने आरशांनी ऊन काचेखालच्या भांड्यावर वळवलं आणि ऐन जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं. 1878 मध्ये त्याने यावर पुस्तकही लिहिलं. दावे-अर्जांच्या गठ्ठ्यांत बसलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला भारी अप्रूप वाटतं.

आंघोळीच्या पाण्याला मात्र अमेरिकेची वाट पाहावी लागली. तिथले शेतकरीही उघड्यावर काळ्या टाक्या ठेवत आणि रात्री त्या गार पडत. बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने 1891 मध्ये टाक्याच काचेच्या पेटीत घातल्या. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने टाकी वेगळी काढून तिला जाड वेष्टण दिलं. पाणी उन्हात तापायचं, हलकं होऊन आपसूक टाकीत चढायचं.

या कुळाचा भंगारातला वारस 2002 मधला. ब्राझीलच्या तुबाराव गावचा निवृत्त मेकॅनिक जोसे अलानो याच्या घरी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि दुधाची खोकी साठली होती. त्याने बाटल्यांचे बूड कापून त्या एकीत एक अडकवल्या, मधून काळा पाइप ओवला, पाइपामागे काळी रंगवलेली खोकी सरकवली. काचेची जागा बाटलीने घेतली. एका रांगेत पाचच बाटल्या, कारण पाणी फार तापलं तर पीव्हीसी पाइप मऊ पडतो.

राजुऱ्याचं ऊन बाटली लवकर पिवळी पाडेल, आणि गच्चीवर वानरं आहेतच. म्हणून मी केम्पच्या बाजूचा: भंगारातला पत्र्याचा ड्रम, जुन्या खिडकीची काच, लाकडी पेटी, तळाशी भुसा. तोंड दक्षिणेला, उतार साधारण 35 अंश, म्हणजे हिवाळ्यातलं कललेलं ऊन नीट पडेल. आणि दिवस मावळायच्या आत काचेवर जाड गोधडी टाकायची. नाहीतर त्याच काचेतून रात्रभर ऊब निघून जाते.