मेरी सरॅट यांचा इन्कार : एका साक्षीचे मूल्यमापन

१४ एप्रिल १८६५ रोजी जॉन विल्क्स बूथने वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्री त्याचा साथीदार लुई पॉवेल याने परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांच्यावर सुऱ्याने हल्ला केला. १७ एप्रिलच्या रात्री अधिकारी मेरी सरॅट यांना अटक करण्यास त्यांच्या घरी गेले असता, हाती कुदळ घेतलेला पॉवेल तेथे येऊन ठेपला. बाईंनी आपणास गटार खणण्यास बोलावले आहे, असे त्याने सांगितले. मेजर स्मिथ यांच्या साक्षीनुसार सरॅटबाईंनी उजवा हात उंचावून, ईश्वरास स्मरून, या मनुष्यास आपण कधीही पाहिलेले नाही असे उत्तर दिले.

हे विधान वस्तुस्थितीस धरून नव्हते. त्यांच्याच घरी राहणाऱ्या लुई वाइखमनच्या साक्षीप्रमाणे पॉवेल पूर्वी दोनदा तेथे मुक्कामास आला होता. एकदा 'वुड' या नावाने व पुढे मार्चमध्ये बाप्टिस्ट धर्मोपदेशक 'पेन' म्हणून. तथापि असत्य विधान आणि जाणूनबुजून केलेले असत्यकथन यांत भेद करावयास हवा. सरॅटबाईंची दृष्टी मंद असल्याचे बचावपक्षाच्या साक्षीदारांनी सांगितले. पॉवेलने मजुराचा वेष केला होता व सदऱ्याची बाही टोपीसारखी डोक्यास बांधली होती. त्या घरात राहणाऱ्या ऑनोरा फिट्झपॅट्रिक यांनाही त्या रात्री तो ओळखू आला नाही. ती टोपी काढल्यावर कचेरीत ओळख पटली. ही साक्ष विशेष मोलाची आहे. कारण येथे दृष्टिदोषाचा आधार न घेताही अनोळख संभवनीय ठरते. आरोपीस स्वतः साक्ष देण्याची मुभा तत्कालीन कायद्यात नसल्याने सरॅटबाईंची उलटतपासणी झालीच नाही.

उलटपक्षी, खून होऊन तीनच दिवस झाले असता, मध्यरात्रीच्या सुमारास अन्य कोणत्याही घरी न जाता पॉवेल याच घरी आला, हा योगायोग मानणे कठीण आहे. परंतु त्यावरून पॉवेलला ते घर आश्रयस्थान वाटत होते एवढेच सिद्ध होते. बाईंनी त्यास त्या क्षणी ओळखले, हे नव्हे.

शिवाय हेतुपुरस्सर इन्कार गृहीत धरला, तरी तो भीतीपोटीही संभवतो. कटाचे पूर्वज्ञान त्यातून निष्पन्न होत नाही. त्या दृष्टीने, शस्त्रे तयार ठेवण्याच्या निरोपासंबंधीची जॉन लॉइड याची साक्षच अधिक निर्णायक होय. लष्करी आयोगाच्या नऊ सदस्यांपैकी पाच जणांनी दयेची शिफारस केली. तरीही ७ जुलै १८६५ रोजी सरॅटबाईंना फाशी देण्यात आली. त्यांच्या इन्कारास अपराधाचा पुरावा मानणे हे, म्हणून, साक्षीच्या मर्यादेपलीकडे जाणे ठरते.